घोड्याचं शेपूट

तिसऱ्या तासाला चोइजिल बाईंनी मणक्यांच्या मागच्या कमानी
करवतीने कापल्या, पेटीचं झाकण उचलावं तशा उचलल्या,
आतलं जाड आवरण चिमट्याने बाजूला केलं
आणि म्हणाल्या, मोजा.

मज्जारज्जू कंबरेच्या वरच संपला होता,
गाजराच्या शेंड्यासारखा निमुळता होत.
त्याखाली नुसती मुळं. पांढुरकी, ओली, सुटी.
पुस्तकात त्यांचं नाव घोड्याचं शेपूट.
उलानबातरमध्ये वाढलेली मुलं हसली.
मी नाही हसले, बाबा.
अशी शेपटं मी मार्चच्या वाऱ्यात विंचरली आहेत,
गाठ सोडवताना एकदा लाथ खाल्ली आहे.

बाई सांगत होत्या,
गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत रज्जू आणि कणा एकाच लांबीचे असतात.
जे मूळ जिथे फुटतं, त्याची खिडकी समोरच.
मग हाडं वाढत सुटतात, रज्जू मागे राहतो.
पण मूळ खिडकी बदलत नाही.
वीतभर खाली उतरावं लागलं तरी उतरतं
आणि आपल्याच दारातून बाहेर पडतं.
मला तुम्ही दिसलात,
वर्षातून चारदा तंबू हलवणारे
आणि चारही वेळा दार दक्षिणेलाच लावणारे.

प्रत्येक खिडकीशी दोन मुळं, मागचं आणि पुढचं.
मागच्यावर एक गाठ, वाटाण्याहून लहान.
तिथल्या पेशीचा एक धागा पायाच्या बोटापर्यंत गेलेला,
दुसरा रज्जूत शिरलेला.
हे मूळ फक्त ऐकतं. खडा, बर्फ, चटका, बुटातली ओल.
पुढचं फक्त सांगतं. उचल. दाब. सोड.
गाठीच्या पलीकडे दोघं एक होतात,
मग कोण ऐकणारं, कोण सांगणारं
ते उघड्या डोळ्यांना कळत नाही.
मी सुईने उकलून पाहिलं. बाईंनी हातावर चापट मारली.

तुम्ही मेंढी सोडवता तेव्हा चाकू हाडाला लागत नाही,
सांध्यासांध्यातून वाट काढत जातो.
मणक्यांची नावं तुम्हाला माझ्याआधी येत होती.
आणि तरी तुमच्याच चौथ्या-पाचव्या कटिमणक्यामधली गादी
डाव्या बाजूला सरकली,
पाचव्या मुळावर टेकली,
आणि तुम्ही फोनवर म्हणालात, काही नाही गं,
कोणी तरी ढुंगणापासून अंगठ्यापर्यंत
ओला दोर ओढतंय, एवढंच.

नोव्हेंबरात जीपमधून आलात.
सहा माणसं, दोन गोठलेल्या मेंढ्या, चौदा तास.
वसतिगृहाच्या खाटेवर मोजा काढलात. बाहेर कोळशाचा धूर.
अंगठा वर करा, म्हटलं.
तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात,
हट्टी शिंगराकडे बघावं तसं.
निरोप निघाला असणार. अर्ध्या वाटेत
कुणी तरी त्याच्यावर बसलं होतं.
अंगठा जागचा हलला नाही.

मी कापसाचं टोक फिरवलं. इथे कळतंय?
पावलाच्या वर: नाही.
अंगठ्याच्या बेचक्यात: नाही, थोडंसं, नाही.
घोट्याच्या आतल्या बाजूला हात ठेवला.
हात गार आहे तुझा, म्हणालात,
जेवतेस ना नीट?
ती चौथ्या मुळाची हद्द.
शेजारचं घर शाबूत होतं.

फिल्म काढू, म्हटलं. शस्त्रक्रिया लागेलच असं नाही,
बहुतेक गाद्या आपसूक आटतात, वाट बघायची.
पुस्तकात होतं तेवढं सगळं बोलले.
तुम्ही मोजा चढवत होतात, टाच सरळ करत, सावकाश.

डावा पाय रिकिबीत अडकतो, म्हणालात.
म्हणून आता उजवीकडून चढतो.
घोडी बुजते. जन्मात कुणी त्या बाजूने आलेलं नाही ना.
मग काय करता?

काही नाही. रोज सकाळी
तिच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहतो.
चढत नाही.
नुसता उभा राहतो,
तिचे कान मागे वळायचे थांबेपर्यंत.